ट्रॅजेक्टरी वेगळी, मूव्ही वेगळी

परवा ठाण्याहून लोकलमध्ये चढले आणि ज्युनिअरचा मेसेज आला, "ताई, ट्रॅजेक्टरी पाठवलीय, लिगंडचं अंतर मोजून दे ना." आम्ही प्रोटीनचे अणू कसे हलतात याचं कॉम्प्युटरवर सिम्युलेशन करतो, त्यालाच रन म्हणतो, आणि लिगंड म्हणजे प्रोटीनला चिकटणारा छोटा रेणू. उघडून बघते तर 40 सेकंदांची एमपीफोर, म्हणजे नुसता व्हिडिओ. प्रोटीन छान फिरतंय, लिगंड त्याच्या खाचेत हलतोय, रंगही मस्त निवडलेत, पण त्यातून अंतर मोजायचं कसं? मूळ फाइल तिने डिस्क भरली म्हणून डिलीट केली होती, तीन दिवसांचा रन गेला. खूप वाईट वाटलं, आणि मूव्हीलाच ट्रॅजेक्टरी समजायची ही चूक पहिल्या वर्षाला इतके जण करतात की म्हटलं लिहूनच टाकू.

ट्रॅजेक्टरी म्हणजे आकड्यांची वही. ठराविक वेळाने प्रत्येक अणूचे एक्स, वाय, झेड लिहून ठेवलेले, बाकी फारसं काही नाही. रंग नाही, कॅमेऱ्याचा अँगल नाही, बॉण्डसुद्धा नाहीत. ग्रोमॅक्स या सिम्युलेशनच्या प्रोग्रामची एक्सटीसी फाइल घ्या किंवा डीसीडी फाइल घ्या, कुठला अणू कार्बन आणि कुठला नायट्रोजन हेही तिला माहीत नसतं, म्हणून तर व्हीएमडीत, म्हणजे ट्रॅजेक्टरी बघायच्या प्रोग्रामात, आधी अणूंची नावं असलेली जीआरओ नाहीतर पीएसएफ फाइल लोड करावी लागते. एक्सटीसीत वेगसुद्धा नसतात, ते हवे असतील तर टीआरआर फाइल.

मूव्ही म्हणजे त्या आकड्यांवरून काढलेली चित्रं, एकामागून एक. वहीवरून चित्र कितीही वेळा काढता येतं, चित्रावरून वही परत लिहिता येत नाही.

आता वेळेचा हिशोब, कारण खरा गोंधळ इथे होतो. 1000 फेम्टोसेकंद म्हणजे एक पिकोसेकंद, आणि 1000 पिकोसेकंद म्हणजे एक नॅनोसेकंद. समजा सिम्युलेशन एका स्टेपला 2 फेम्टोसेकंद पुढे सरकतं आणि दर 5000 स्टेप्सला फ्रेम, म्हणजे अणूंच्या जागांची एक नोंद, सेव्ह होतेय, म्हणजे दर 10 पिकोसेकंदांना एक, तर 100 नॅनोसेकंदांच्या रनमध्ये 10,000 फ्रेम्स येतात. त्या सगळ्या सेकंदाला 25 ने दाखवल्या तर पावणेसात मिनिटं लागतील, तेवढं कोण बघणार, म्हणून ज्युनिअरने दहातली एक घेतली आणि 40 सेकंद झाले. म्हणजे स्क्रीनवरचा एक सेकंद खरा अडीच नॅनोसेकंद, आणि नव्वद टक्के फ्रेम्स मूव्हीत आल्याच नाहीत.

पण ट्रॅजेक्टरीतही सगळं असतं असं नाही हं. प्रोटीनच्या कण्यातला, म्हणजे मुख्य साखळीतला, कार्बन-ऑक्सिजन बॉण्ड साधारण 20 फेम्टोसेकंदांत एकदा ताणून परत येतो, म्हणजे दोन फ्रेम्सच्या मधे तो 500 वेळा हलून जातो. दादरच्या पुलावरून दर दहा मिनिटांनी एक फोटो काढला तर गर्दी कधी वाढली, कधी ओसरली ते कळेल, मधे किती लोकल आल्या गेल्या ते नाही कळणार. कंपनं बघायची असतील तर छोटा रन लावा आणि फ्रेम्स जवळजवळ सेव्ह करा, आणि हे रन लावायच्या आधी ठरवा, नंतर काही करता येत नाही. 1977 साली प्रोटीनचं पहिलं सिम्युलेशन झालं ते अख्खं 10 पिकोसेकंदांपेक्षा कमी होतं, आपल्या दोन फ्रेम्सच्या मधे मावेल एवढं!

मूव्ही फसवते कशी ते पण सांगते. प्रोटीनचा अर्धा भाग सिम्युलेशन ज्या काल्पनिक बॉक्समध्ये चालतं त्याच्या एका भिंतीतून बाहेर जाऊन समोरच्या भिंतीतून आत येतो आणि स्क्रीनभर लांबच लांब रेघा दिसतात, लोक घाबरतात की बॉण्ड तुटला. तुटलेला नसतो, साध्या फोर्स फील्डमध्ये (अणूंमधल्या बलांची सूत्रं) तो तुटूच शकत नाही, ग्रोमॅक्सच्या ट्रजकॉन्व या कमांडने रेणू अखंड करून घेतले की रेघा जातात. दुसरं म्हणजे स्मूदिंग. व्हीएमडी आजूबाजूच्या फ्रेम्सची सरासरी काढून दाखवतं, हालचाल सुरेख दिसते, पण मिथाइल गटात एका कार्बनभोवती तीन हायड्रोजन गोल फिरत असतात आणि सरासरीत ते आत ओढले जातात, झूम केलंत तर गट चेपल्यासारखा दिसेल. सेमिनारला चालेल, मोजायला अजिबात नाही.

तरी मूव्ही बिनकामाची नाही. लिगंड उलटा झाला, प्रोटीनचा लूप (लवचीक वळसा) उघडला, हे ग्राफ बघून लगेच सुचत नाही, डोळ्याला पटकन दिसतं. मी आधी मूव्ही बघते, मग शंका आली ती जागा ट्रॅजेक्टरीत मोजते. मूळच्या हैदराबादच्या अनीसुर रहमान यांनी 1964 साली आर्गॉनच्या 864 अणूंचं जे सिम्युलेशन केलं ते असंच अणूंच्या जागांच्या आकड्यांवर उभं आहे.

ज्युनिअरचा रन परत लागलाय. या वेळी प्रोटीनभोवती बॉक्समध्ये भरलेलं पाणी वगळून फक्त प्रोटीन आणि लिगंड सेव्ह करायला सांगितलंय, 50,000 अणूंतले साधारण 5,000 उरतात, फाइल दहाव्या हिश्शावर येते. पाण्यामार्फत होणारे हायड्रोजन बॉण्ड बघायचे असतील तर मात्र हे चालणार नाही, तेव्हा नवी हार्ड डिस्कच घ्यावी लागते.