बटण दाबल्यावर दार कोण उघडणार?

दिवाळीला परदेशातून आलेला मुलगा निघताना आईच्या मनगटावर घड्याळ बांधून जातो. पडलीस तर हे आपोआप कळवेल, असं दहा वेळा समजावून सांगतो. पुण्या-ठाण्यात, नाशकात, मडगावात आता यात कुणाला नवल वाटत नाही. आई मान डोलावते, विमान उडतं, आणि पंधरा दिवसांत घड्याळ कपाटात जातं. ते रोज चार्ज करावं लागतं आणि रात्री कुशीवर वळलं की हाताला टोचतं. मुलगा वैतागतो, आईला उगाच अपराधी वाटतं. खरं तर यात दोष दोघांचाही नाही. एकट्या माणसाला घरातून हाक मारता यावी म्हणून यंत्रं बनवायला लागून पन्नासहून अधिक वर्षं झाली, आणि जवळजवळ प्रत्येक यंत्राच्या वाट्याला हेच कपाट आलेलं आहे. का आलं, हे जाणून घेतलं तर घड्याळ घेण्याआधी काय विचारायचं ते तरी कळेल.

सुरुवात एका दोरीपासून करावी लागते. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनमध्ये नगरपालिकांनी वृद्धांसाठी छोट्या घरांच्या वसाहती उभ्या केल्या. प्रत्येकाचं दार वेगळं, चूल वेगळी, आणि वसाहतीत राहून सगळ्यांवर लक्ष ठेवणारी एक व्यक्ती. तिला वॉर्डन म्हणत. पुढे या घरांत खोलीत आणि न्हाणीघरात छतापासून दोरी सोडण्याची पद्धत पडली. दोरी ओढली की वॉर्डनकडे घंटा वाजायची. ही दोरी थेट जमिनीपर्यंत यायला हवी, कारण जिला ती ओढायची आहे ती व्यक्ती फरशीवर पडलेली असते. पण फरशी पुसताना ती मध्ये येते, पायात अडकते, चुकून ओढली जाते. मग कुणीतरी तिची गाठ मारून ती वर टांगून ठेवतं. ब्रिटनमधल्या अपंगांसाठीच्या सार्वजनिक स्वच्छतागृहांतही अशाच लाल दोऱ्या असतात, आणि 'ही दोरी मोकळी सोडा' असं सांगणारी कार्डं त्यांना अडकवण्याची मोहीम तिथल्या संस्थांना आजही चालवावी लागते. यंत्र शाबूत आहे, घंटाही वाजते, फक्त पडलेल्या माणसाचा हात तिथवर पोचत नाही.

दोरीला वॉर्डन लागायची. जो स्वतःच्या जुन्या घरात एकटा राहतो, त्याचं काय? या प्रश्नावर १९७०च्या दशकात दोन ठिकाणी उत्तर शोधलं गेलं. जर्मनीत विल्हेल्म होर्मान यांनी घरातून फोनच्या तारेवरून मदत मागण्याची पद्धत मांडली. अमेरिकेत बॉस्टन विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ अँड्र्यू डिब्नर यांनी १९७४ साली लाइफलाइन नावाची कंपनी काढली. डिब्नर वार्धक्याचा अभ्यास करत. म्हातारी माणसं घर सोडून वृद्धाश्रमात जातात ती आजारापेक्षाही 'काही झालं तर कुणाला कळणार' या धास्तीने, हे त्यांच्यासारख्या अभ्यासकांना दिसत होतं.

रचना साधी होती. गळ्यात एक बटण, फोनशेजारी एक पेटी. बटण दाबलं की पेटीला रेडिओ संदेश जातो, पेटी स्वतःच फोन फिरवते आणि पलीकडच्या केंद्राला कळतं की हाक कोणत्या घरातून आली. सुरुवातीच्या यंत्रात आणखी एक सोय होती, आणि ती मला फार आवडते. ठरावीक तासांत घरातला फोन एकदाही उचलला गेला नाही किंवा पेटीवरची कळ दाबली नाही, तर पेटी आपण होऊन केंद्राला कळवायची. म्हणजे बटण दाबण्याइतकीही शुद्ध नसलेल्या माणसाची काळजी पहिल्याच पिढीत केली गेली होती.

ही केंद्रं बहुतेक गावातल्या इस्पितळात असत. ज्याने सेवा घेतली त्याला दोन-तीन माणसांची नावं द्यावी लागत. शेजारी, बहीण, चर्चमधली मैत्रीण, जवळ राहणारं आणि घराची चावी असलेलं कुणीही. हाक आली की केंद्र आधी घरी फोन करायचं, उत्तर नसेल तर या माणसांना उठवायचं. डिब्नर यांच्या कामातला हा भाग मला बटणापेक्षा मोठा वाटतो. जर्मनीत आज रेड क्रॉस, योहानिटर, माल्टेझर यांसारख्या संस्था ही सेवा देतात आणि ग्राहकाच्या घराची चावी आपल्याकडे ठेवून घेतात. ब्रिटनमध्ये दाराबाहेर भिंतीला आकड्यांच्या कुलपाची छोटी डबी बसवतात, तिच्यात चावी. जर्मनीत १९९५पासून लागू झालेला शुश्रूषा विमा पात्र माणसाला या सेवेसाठी दरमहा ठरावीक रक्कमही देतो. अमेरिकेत वृद्धांच्या मूळ सरकारी विम्यात ही सोय बसत नाही. त्यामुळे तिथे तो खासगी धंदा झाला, आणि धंदा म्हटला की जाहिरात आली.

१९८९च्या सुमारास अमेरिकी टीव्हीवर लाइफकॉल नावाच्या कंपनीची जाहिरात लागायची. न्हाणीघरात पडलेली एक आजी गळ्यातलं बटण दाबून सांगते की मी पडले आहे आणि मला उठता येत नाही. अभिनय इतका बटबटीत होता की ते वाक्य देशभर थट्टेचा विषय झालं, शाळकरी मुलांच्या तोंडी बसलं. विक्री झाली असेल, पण ते बटण गळ्यात घालणं म्हणजे आपण 'त्या' आजी झाल्याची कबुली, असं म्हाताऱ्यांच्या मनाने घेतलं. केवळ हसण्यामुळे किती जणींनी ते बटण खुंटीला टांगलं असेल, या विचाराने आजही वाईट वाटतं.

टांगून ठेवलेल्या बटणाचा हिशेब पुढे केंब्रिजमधल्या संशोधकांनी मांडला. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात नव्वदी ओलांडलेल्या ११० जणांवर वर्षभर बारकाईने लक्ष ठेवलं होतं. त्यातले ६६ जण वर्षात पडले. ६६पैकी ५३ जणांना निदान एकदा तरी आपलं आपण उठता आलं नाही. २० जण तासभर किंवा त्याहून जास्त वेळ जमिनीवर पडून होते. त्यांच्यातल्या बऱ्याच जणांच्या घरी हाकेचं यंत्र होतं, तरीही इतका वेळ पडून राहिलेल्यांपैकी बहुतेकांनी ते वापरलं नव्हतं. कुणी अंगावर घातलंच नव्हतं, कुणाला दुसऱ्यांना त्रास द्यायचा नव्हता, कुणाला आधी स्वतः उठून पाहायचं होतं. तासभर थंड फरशीवर पडून राहणं हा नुसता खोळंबा नव्हे. स्नायू दबतात, शरीरातलं पाणी कमी होतं, न्यूमोनिया गाठतो. हाड मोडलं नाही तरी माणूस खचतो आणि पुन्हा एकटं राहायला घाबरतो.

बटण दाबायला लावण्यापेक्षा रोजच्या सवयीतूनच निरोप मिळाला तर? हा विचार जपानने सगळ्यात हळुवारपणे केला. १९९५च्या कोबेच्या भूकंपानंतर तात्पुरत्या निवाऱ्यांत एकटी म्हातारी माणसं मरून दिवसेंदिवस कुणाला पत्ता नसायचा. अशा मरणाला जपानीत कोदोकुशी म्हणतात. १९९६ साली टोकियोच्या इकेबुकुरो भागात वृद्ध आई आणि तिचा आजारी मुलगा घरातच उपासमारीने गेले आणि ते बऱ्याच उशिरा उघडकीला आलं. त्यातून एका डॉक्टरच्या मनात आलेली कल्पना ओसाकाच्या झोजिरुशी कंपनीने उचलली. हत्ती हे या कंपनीचं चिन्ह. थर्मास आणि भाताची भांडी बनवणाऱ्या या कंपनीने मार्च २००१मध्ये पाणी गरम ठेवणारा विजेचा पॉट आणला, ज्यात संदेश पाठवणारं छोटं यंत्र दडवलेलं होतं. आजीने सकाळी चहासाठी पाणी घेतलं की त्याची नोंद व्हायची आणि दिवसातून दोनदा मुलांना ईमेल जायची. आजीला काही घालायचं नाही, दाबायचं नाही, चार्ज करायचं नाही. तिने फक्त चहा प्यायचा. पोरांना कळतं की आई उठली.

हे वाचलं तेव्हा मला दाराला लटकलेली दुधाची पिशवी आठवली. आपल्याकडचा पॉट तोच. सकाळचे नऊ वाजले आणि पिशवी अजून कडीलाच आहे, म्हणजे आत काहीतरी बिनसलंय, हे समोरच्या काकूंना कुणी शिकवावं लागत नाही. माझी धाकटी मावशी एकटी राहते. दोन वर्षांपूर्वी ती न्हाणीघराच्या उंबऱ्यावर पडली. मोबाइल बाहेर टेबलावर होता आणि त्याची रिंग तिला ऐकू येत होती. पिशवी पाहून शेजारच्यांनी बेल वाजवली, हाका मारल्या, ती आतून ओ देत होती. पण दाराला वरची कडी लावलेली. शेवटी दार तोडलं.

मग प्रश्न पडतो, पाश्चात्त्यांचं ते गळ्यातलं बटण आपल्याकडे का रुजलं नाही? याचं पुष्कळसं उत्तर फोनच्या इतिहासात आहे. १९७०च्या दशकात अमेरिकेतल्या दहापैकी जवळपास नऊ घरांत फोन होता. आपल्याकडे १९९१ साली ८४ कोटींच्या देशात सुमारे ५० लाख जोडण्या होत्या, आणि अर्ज केल्यावर वर्षानुवर्षं थांबावं लागे. लग्नपत्रिकेवर, व्हिजिटिंग कार्डावर शेजाऱ्याचा नंबर देऊन पुढे 'पी.पी.' लिहायची पद्धत आठवत असेल. फोन जोशांकडे, निरोप कुलकर्ण्यांना. त्या काळात म्हातारं माणूस एकटं राहण्याचं प्रमाणही कमी होतं आणि निरोप न्यायला चाळीतली पोरं होती. पुढे फोन घरोघर आला, तोवर मोबाइल दारात उभा होता. तारेचे फोन २००६च्या सुमारास शिखर गाठून घटू लागले. पोरं शिकून बाहेर पडली, घरं रिकामी झाली, पण तेव्हा ज्या तारेवर पेटी बसवायची ती तारच उरली नव्हती. मधला पन्नास वर्षांचा टप्पा, म्हणजे केंद्र, नावांची यादी, चावी ठेवणारी संस्था, हा आपल्या वाट्याला आलाच नाही. आपण पी.पी. नंबरावरून थेट मनगटी घड्याळावर आलो.

सरकारी पातळीवर काहीच झालं नाही, असं मात्र नाही. दूरसंचार खात्याच्या २०१६च्या आदेशानंतर नव्या मोबाइल फोनमध्ये संकटकाळचं बटण सक्तीचं झालं. साध्या फोनवर ५ किंवा ९ आकडा दाबून धरायचा, स्मार्टफोनवर पॉवरचं बटण लागोपाठ तीनदा दाबायचं. हेतू महिलांच्या सुरक्षेचा होता, पण ते आजीच्याही कामाचं आहे आणि कित्येक घरांत ते कुणालाच माहीत नाही. महाराष्ट्रात २०१४पासून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका आहे, पोलिसांसह सगळ्या तातडीच्या मदतीसाठी ११२ आहे आणि ज्येष्ठांच्या अडचणींसाठी १४५६७ ही एल्डरलाइन. करोनाच्या काळात सप्टेंबर २०२०मध्ये 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' या मोहिमेत पथकं घरोघर जाऊन ताप आणि बोटाला लावून ऑक्सिजन मोजत होती. ऑक्सिमीटर तेव्हा पुष्कळांनी विकत आणले. पण ९१ आकडा दिसला तर पुढे काय करायचं, हे दारात उभं राहून सांगणारी आशाताई होती, म्हणून त्या आकड्याला अर्थ होता.

२०१८ साली अ‍ॅपलने आपल्या घड्याळात पडणं ओळखण्याची सोय आणली, मग इतरांनीही. मनगटाची अचानक झालेली हालचाल, आदळणं आणि त्यानंतरची निश्चलता यांवरून ते अंदाज बांधतं, उत्तर मिळालं नाही तर मदतीच्या क्रमांकाला फोन लावतं आणि नेमून दिलेल्या माणसांना निरोप धाडतं. तंत्र म्हणून हे उत्तम आहे. पण न्हाणीघरात जाताना घड्याळ काढून ठेवायची आपली सवय जन्माची, आणि म्हातारं माणूस पडतं ते बरेचदा तिथेच.

ब्रिटनमध्ये सध्या या जुन्या पेट्यांचीच परीक्षा चालू आहे. तांब्याच्या तारेला एक्स्चेंजमधूनच वीज मिळायची. आपल्याकडेही लाइट गेली तरी काळा फोन चालू असायचा, तो याच कारणाने. फायबरचा फोन घरातल्या विजेवर चालतो. वीज गेली की राउटर बंद, पेटी मुकी. जुन्या तारा काढताना काही ग्राहकांची हाकेची यंत्रं बंद पडली आणि त्यात मृत्यूही झाले. तेव्हा २०२३च्या अखेरीस तिथल्या सरकारने कंपन्यांना ग्राहकांना सक्तीने नव्या जोडणीवर नेणं थांबवायला लावलं. तारा पूर्ण बंद करण्याची मुदतही २०२५च्या अखेरीवरून जानेवारी २०२७पर्यंत पुढे गेली.

मावशीला घड्याळ घेऊन देण्याआधी आम्ही भावंडांनी बसून यादी केली. पहिलं नाव समोरच्या काकूंचं, दुसरं खालच्या मेडिकलवाल्याचं, तिसरं वॉचमनचं. चौथं माझं, कारण मला पोचायला अडीच तास लागतात. काकूंकडे चावी दिली. साधा बटणांचा फोन आणला. आंघोळीच्या वेळी तो प्लास्टिकच्या पिशवीत घालून, न्हाणीघरात जमिनीपासून वीतभर उंचीवर मारलेल्या हुकाला अडकवायचा, असं ठरलं. हुक वर हवा की खाली यावर मावशीशी वाद झाला, तेव्हा तिला फरशीवर बसवून हात पुरतो का ते पाहिलं. मग सुताराला बोलावलं आणि दाराची वरची कडी काढून टाकली. ती रात्री लावल्याशिवाय तिला झोप येत नसे, म्हणून त्या जागी बाहेरून चावीने उघडणारं लॅच बसवलं. पहिले आठ दिवस ती रात्री उठून दार चाचपून पाहायची.