जास्त डीपीआय म्हणजे जास्त स्पष्ट फोटो?

जुना फोटो १२०० डीपीआयवर (डीपीआय म्हणजे स्कॅनर दर इंचाला टिपतो ते ठिपके) स्कॅन केला की पुसट चेहरे उजळतात, हा समज बरीच वर्षं फिरतोय. तसं होत नाही. कागदी प्रिंटमध्ये मुळात साधारण ३०० डीपीआयइतकाच तपशील असतो. ६०० वर तो पुरेपूर येतो. त्यापुढे वाढतात ते कागदाचा पोत, ओरखडे आणि धूळ. शिवाय ४ बाय ६ इंची रंगीत फोटोची टिफ फाइल (तपशील न गमावता फोटो साठवणारा प्रकार) ६०० ला सुमारे २६ एमबी, तर १२०० ला थेट १०४.

निगेटिव्हचं गणित वेगळं. ३५ एमएम फिल्मची चौकट जेमतेम ३६ बाय २४ मिलिमीटर, तिथे २४०० च्या खाली जाऊ नका.

आकडा वाढवण्याआधी स्कॅनरची काच पुसा. आणि फोटोची मागची बाजूही स्कॅन करा. नावं, तारखा बहुधा तिथेच लिहिलेल्या असतात.