कारवार किनाऱ्यावरील बेटे

कर्नाटकातील उत्तर कन्नड जिल्ह्यासमोर, अरबी समुद्रात काळी नदीच्या मुखाजवळ व त्याच्या दक्षिणेस असलेली लहान, खडकाळ बेटे. अंजदीव, कूर्मगड आणि देवगड ही त्यांतील प्रमुख होत. मुरुडेश्वरसमोरचे नेत्राणी बेट बरेच दक्षिणेस असून त्याचे स्वरूपही निराळे आहे; तरी जुन्या सागरी वर्णनांत ते या बेटांच्या सोबतीनेच येत असल्यामुळे त्याचा विचार येथे केला आहे. बेळगाव, खानापूर, निपाणी या भागांतील मराठी वाचकाला कारवार हे नाव सीमालढ्याच्या घोषणांतून आणि मासळी बाजारातून लहानपणीच ठाऊक होते, मात्र कारवारसमोरच्या बेटांशी त्याचा परिचय बहुधा सदाशिवगडच्या पुलावरून दिसणाऱ्या हिरव्या टेकड्यांपुरताच राहतो. वास्तविक घाटमाथ्याचा या पाण्याशी संबंध जुना आहे. कणकुंबीची मलप्रभा पूर्वेला कृष्णेकडे जाते, पण लोंढ्याच्या परिसरातून वाहणारी पांढरी नदी जुन्या सुप्यापाशी, म्हणजे आता धरणाच्या पाण्याखाली गेलेल्या जागी, काळीला मिळते. खानापूर तालुक्याच्या दक्षिण टोकाला पडलेल्या पावसाचा काही भाग अशा रीतीने कूर्मगडासमोर समुद्रात पोहोचतो.

भूरचना : सह्याद्रीची मुख्य रांग कोकणात सहसा किनाऱ्यापासून बरीच आत राहते, कारवारजवळ मात्र तिचे फाटे थेट समुद्रापर्यंत उतरतात. ही बेटे म्हणजे त्याच फाट्यांची पाण्याबाहेर राहिलेली टोके होत. सुमारे २०,००० वर्षांपूर्वी, शेवटच्या हिमयुगाच्या ऐन भरात, जगभरातील समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटरने खाली होती. त्या वेळी आजची बेटे किनारी मैदानातील साध्या टेकड्या होत्या आणि किनारा पश्चिमेकडे पुष्कळ दूर होता. हिम वितळून पाणी चढत गेले, तशी मधली सखल जमीन बुडाली व टेकड्यांचे माथे सुटे झाले. येथील खडक मुख्यतः अतिप्राचीन ग्रॅनाइट व पट्टिताश्म (नीस) जातीचा, म्हणजे धारवाड प्रदेशाच्या पायाभूत खडकांशी नाते सांगणारा आहे. याच किनाऱ्यावर आणखी दक्षिणेस, उडुपीजवळील मालपेसमोर असलेली सेंट मेरी बेटे याच्या अगदी उलट आहेत. तेथील षट्कोनी खांबांचा ज्वालामुखी खडक सुमारे ८.८ कोटी वर्षांपूर्वीचा असून त्याचा संबंध मादागास्कर भारतापासून विलग होण्याच्या घटनेशी जोडला जातो. लक्षद्वीपची प्रवाळबेटे तर या दोहोंहून वेगळी. एकाच समुद्रातील बेटे एकाच कुळीची असतात, हा समज या किनाऱ्यावर टिकत नाही.

कूर्मगडाचे नाव त्याच्या कासवासारख्या आकारावरून पडले, असे सांगतात. बेटावर नरसिंहाचे मंदिर असून पौष पौर्णिमेला तेथे जत्रा भरते. त्या दिवशी मच्छीमारांच्या होड्या भाविकांना बेटावर नेतात. २१ जानेवारी २०१९ रोजी जत्रेहून परतणारी एक बोट उलटून १६ जणांना प्राण गमवावे लागले. वरकरणी शांत दिसणाऱ्या या पट्ट्यात नदीचा प्रवाह, ओहोटी आणि समुद्राची लाट एकमेकांना भिडतात, हे त्यावरून ध्यानात यावे. देवगड हे पूर्वीच्या इंग्रजी सागरी नकाशांत ऑयस्टर रॉक्स म्हणून दाखवलेल्या खडकांपैकी सर्वांत मोठे असून त्यावर दीपगृह आहे. नेत्राणी, अर्थात पिजन आयलंड, भोवतालच्या प्रवाळांसाठी व मत्स्यवैविध्यासाठी प्रसिद्ध असून समुद्रात खोल बुड्या मारण्याची हौस असलेले पर्यटक तेथे जातात.

अंजदीव : या समूहातील सर्वांत मोठा इतिहास असलेले बेट, आणि नकाशा वाचणाऱ्याला सर्वाधिक बुचकळ्यात टाकणारेही. ते कारवारच्या दक्षिणेस, बिणगा-अर्गा किनाऱ्यापासून जवळच आहे. प्रशासकीयदृष्ट्या मात्र ते गोवा राज्याच्या काणकोण तालुक्यात मोडते. नावाची फोड अनेकांनी केली आहे. बेटावर पूर्वी आर्यादुर्गा किंवा अजादुर्गा देवीचे स्थान होते आणि पोर्तुगीज काळात ती देवी अंकोल्यास नेली, अशी श्रद्धा असून काही जण बेटाचे नाव त्या देवीवरून आल्याचे मानतात. दुसऱ्या मताप्रमाणे 'अंज' म्हणजे पाच, म्हणून हे पाच बेटांपैकी एक. पाच या अर्थाचा हा शब्द मल्याळम वळणाचा आहे. कन्नडमध्ये पाचाला 'ऐदु' म्हणतात, तेव्हा ही व्युत्पत्ती स्वीकारायची झाल्यास नाव किनाऱ्यावरच्या लोकांनी नव्हे, तर दक्षिणेकडून येणाऱ्या नाविकांनी दिले असे मानावे लागेल. ते अशक्य नाही. बेटांची नावे पुष्कळदा त्यांच्यावरून जाणाऱ्यांनीच ठेवलेली असतात.

वास्को द गामा परतीच्या वाटेवर सप्टेंबर १४९८ मध्ये येथे थांबला. बेटावर गोडे पाणी होते आणि जहाजांचे तळ खरवडून डागडुजी करण्यास निवारा होता, हे त्यामागचे साधे कारण होय. येथेच गोव्याच्या शासकाच्या सेवेतील एक यहुदी त्याच्या हाती सापडला. पुढे तो गास्पार द गामा या नावाने पोर्तुगीजांचा दुभाषा झाला. पहिला व्हाइसरॉय फ्रान्सिस्को द आल्मेदा याने १५०५ मध्ये बेटावर किल्ला बांधला, पण दुसऱ्याच वर्षी तो पाडून टाकण्यात आला. १५१० मध्ये गोवा हाती आल्यावर पोर्तुगीजांना या बेटाची पहिल्याइतकी निकड राहिली नाही. पोर्तुगीजांनी किल्ला पुन्हा उभारला तो १६८२ मध्ये, संभाजी महाराजांच्या काळात.

मधल्या काळातील एक प्रकरण मुंबईच्या इतिहासात एखाद्या ओळीत उरकले जाते, ते येथे सविस्तर सांगण्याजोगे आहे. पोर्तुगालची राजकन्या कॅथरिन ऑफ ब्रगांझा हिच्या विवाहात मुंबई इंग्लंडच्या राजाला आंदण मिळाली, तेव्हा ताबा घेण्यासाठी सर अब्राहम शिपमन याच्याबरोबर सुमारे चारशे सैनिक १६६२ मध्ये इंग्लंडहून आले. पोर्तुगीज गव्हर्नराने कागदपत्रांवर आक्षेप घेत मुंबई देण्याचे नाकारले आणि या सैन्याला जागा न मिळाल्याने ते अंजदीवावर जाऊन राहिले. पावसाळे, रोगराई आणि उपासमार यांनी त्यांतील बहुतेकांचा बळी घेतला. शिपमन स्वतः १६६४ मध्ये तेथेच मरण पावला. फेब्रुवारी १६६५ मध्ये हम्फ्री कुक याने मुंबईचा ताबा घेतला, तेव्हा मूळच्या तुकडीतील शंभराच्या आसपास माणसे उरली होती. योगायोग असा की, त्याच महिन्यात शिवाजी महाराजांचे आरमार बसरूरची मोहीम आटोपून परतत होते आणि महाराजांनी कारवारच्या इंग्रज वखारीकडून खंडणी वसूल केली. एकाच किनाऱ्यावर एकाच महिन्यात एका सत्तेचे रखडलेले पाऊल पुढे पडले आणि दुसरीने समुद्रावर आपला हक्क सांगितला. मराठी इतिहासलेखनात या दोन घटना सहसा वेगवेगळ्या प्रकरणांत पडतात.

अंजदीव १९६१ पर्यंत पोर्तुगीजांकडेच राहिले. त्या वर्षी नोव्हेंबरमध्ये बेटावरून 'साबरमती' या प्रवासी जहाजावर गोळीबार झाला आणि त्यानंतर एका मच्छीमाराचाही गोळी लागून मृत्यू झाला. १८ डिसेंबर रोजी 'त्रिशूळ' व 'म्हैसूर' या युद्धनौकांच्या साहाय्याने भारतीय नौसैनिक बेटावर उतरले. या लढाईत नौदलाचे सात जण कामी आले. पुढे 'सीबर्ड' प्रकल्पाखाली कारवारजवळ नौदल तळ उभारण्यात आला, त्यासाठी किनाऱ्यावरील अनेक गावे उठवण्यात आली, आणि आयएनएस कदंब हा तळ २००५ मध्ये कार्यान्वित झाला. लाटारोधक बांधामुळे अंजदीव आता मुख्य भूमीशी जोडलेले आहे. शब्दाच्या काटेकोर अर्थाने ते बेट उरलेले नाही. संरक्षित क्षेत्र असल्यामुळे तेथील तटबंदी व ब्रोताश मातेचे चर्च पाहण्यास मुक्त प्रवेश नाही.

नकाशे : या बेटांचा लिखित उल्लेख इसवी सनाच्या पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' या ग्रीक सागरी मार्गदर्शिकेपर्यंत मागे नेता येतो. तीत पश्चिम किनाऱ्यावरील बेटांची नावे ओळीने दिलेली असून या भागात चाचे असल्याचा इशाराही आहे. सेसेक्रिएनाई म्हणजे वेंगुर्ल्याचे खडक, ऐगिदिओई म्हणजे अंजदीव, कैनेइतोई म्हणजे कारवारचे खडक आणि श्वेतद्वीप म्हणजे नेत्राणी, अशी ओळख काही अभ्यासकांनी पटवली आहे. तीत अंदाजाचा भाग मोठा आहे, कारण मूळ मजकुरात अंतरे व दिशा दिलेल्या नाहीत.

मोजमापांवर आधारलेले सर्वेक्षण अठराव्या शतकाच्या अखेरीस आले. ईस्ट इंडिया कंपनीच्या बॉम्बे मरीन या आरमारातील जॉन मॅक्लुअर याने १७८७ ते १७९० या काळात पश्चिम किनाऱ्याची पाहणी केली. त्या काळी खोली मोजण्यासाठी शिशाचे वजन बांधलेली दोरी सोडत. वजनाच्या तळाशी चरबी भरलेली असे, तिला चिकटून आलेल्या वाळूवरून, चिखलावरून किंवा शिंपल्यांवरून तळ कसा आहे ते कळे आणि नांगर धरेल की नाही याचा निर्णय होई. किनाऱ्यावरील ठळक टेकड्यांमधील कोन सेक्स्टंट या कोनमापक उपकरणाने मोजून प्रत्येक मोजणीची जागा ठरवली जाई. सदाशिवगडची टेकडी किंवा कूर्मगडाचा माथा यांचे महत्त्व त्यामुळे लष्करी होते तितकेच नाविकही होते. कारवारचे गाबीत व खारवी मच्छीमार दोन खुणा एका रेषेत आणून खडक चुकवतात. तत्त्व तेच आहे, फक्त कागद नाही.

१८७४ मध्ये भारतीय सागरी सर्वेक्षण विभाग स्थापन झाला. स्वातंत्र्यानंतर हे काम नौदलाकडे आले आणि त्याचे कार्यालय १९५४ मध्ये डेहराडूनला गेले. समुद्राचे नकाशे हिमालयाच्या पायथ्याशी तयार होतात, याची गंमत वाटल्यावाचून राहत नाही. सागरी नकाशातील खोली सरासरी समुद्रपातळीपासून नव्हे, तर ओहोटीच्या अगदी खालच्या पातळीपासून धरतात. जमिनीवरचा नकाशा वाचण्याची सवय असलेल्यांचा येथे हमखास गोंधळ होतो.

प्रशासकीय नकाशांची कथा वेगळी आहे. उत्तर कानडा जिल्हा १८६२ मध्ये मद्रास इलाख्यातून मुंबई इलाख्यात आला. कारवार बंदरातून धारवाड भागाचा कापूस जावा, अशी तेव्हाची अपेक्षा होती. पुढे लोंढा-कॅसलरॉकमार्गे मुरगावपर्यंत रेल्वे झाली आणि व्यापार त्या वाटेने वळला. १ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव व कारवार दोन्ही तत्कालीन म्हैसूर राज्यात गेली, अंजदीव मात्र त्या दिवशीही पोर्तुगालच्या ताब्यात होते. गोवा मुक्त झाल्यावर बेटाची प्रशासकीय जागा बदलली नाही, म्हणून आजही कारवारच्या किनाऱ्यावर उभे राहून समोर अंजदीवाची जी भूमी दिसते, ती गोव्याची असते.