पॅच लावला, पण लागू झाला का?

‘आज रात्री एक ते सव्वा या वेळेत तुमची वेबसाइट काही मिनिटं बंद राहील.’ असा निरोप तुमचे सर्व्हर सांभाळणाऱ्या आमच्याकडून तुम्हाला अधूनमधून येतो. त्या वेळेत आम्ही पॅच, म्हणजे प्रोग्रॅममधला दोष बुजवणारी दुरुस्ती, लावत असतो. त्यावर ठरलेले दोन प्रश्न येतात. साइट नीट चालतेय, मग तिला हात कशाला लावता? आणि मागच्याच आठवड्यात केलंत ना हे? दोन्ही प्रश्न रास्त आहेत. फोनवर घाईघाईत उत्तर देताना आमचीच त्रेधा उडते, म्हणून हे पत्रक.

भोक पडतं म्हणजे काय

वेब सर्व्हरचं काम ऐकायला साधं आहे. बाहेरून आलेली मागणी वाचायची, हवी ती फाइल शोधायची किंवा मागे बसलेल्या प्रोग्रॅमकडे मागणी सोपवायची, आणि उत्तर धाडायचं. अडचण एवढीच, की ही मागणी जगात कोणीही, कशीही लिहून पाठवू शकतो. मुद्दाम वाकडी लिहिलेली मागणी वाचताना सर्व्हर फसला, की तिथे भोक आहे असं समजायचं.

अपाची या वेब सर्व्हरचं २०२१ मधलं उदाहरण घ्या. फाइलच्या पत्त्यात दोन टिंबं आणि तिरकी रेघ आली तर तिचा अर्थ ‘एक फोल्डर वर जा’ असा होतो. ही खूण ओळीने पुष्कळदा दिली की वेबसाइटच्या फोल्डरमधून बाहेर पडून मशिनवरच्या भलत्याच फाइलींपर्यंत पोचता येतं. त्यामुळे सर्व्हर पत्ता आधी साफ करून घेतो. २.४.४९ या आवृत्तीत पत्ता साफ करण्याच्या कोडमध्ये बदल झाला. त्यानंतर एका टिंबाच्या जागी त्याचं सांकेतिक रूप, म्हणजे टक्क्याचं चिन्ह आणि पुढे दोन अक्षरं, लिहिलं तरी ते निसटून जाऊ लागलं. ‘सीव्हीई-२०२१-४१७७३’ या क्रमांकाने हे भोक ओळखलं जातं (सीव्हीई म्हणजे जाहीर झालेल्या भोकांची सार्वत्रिक यादी). ४ ऑक्टोबरला २.४.५० मध्ये ते बुजवलं. पण तेच सांकेतिक रूप दोनदा गुंडाळून लिहिलं तर ते पुन्हा आत शिरत होतं! म्हणून तीनच दिवसांनी, ७ ऑक्टोबरला, २.४.५१ आली. ‘मागच्याच आठवड्यात केलंत ना’ याचं उत्तर कधीकधी हे असतं.

या प्रकरणातल्या दोन गोष्टी आम्ही विसरत नाही. एक, २.४.४८ किंवा त्याआधीची आवृत्ती वापरणाऱ्यांना हा धोका नव्हताच. भोक त्या वेळच्या सगळ्यात नव्या आवृत्तीत होतं, तेव्हा ‘नवीन ते सुरक्षित’ हे डोळे मिटून मानण्यात अर्थ नाही. दुसरी, वेबसाइटच्या फोल्डरबाहेरच्या सगळ्या फाइलींना ‘सरसकट मनाई’ असा नियम ज्यांच्या सेटिंगमध्ये होता, त्यांच्या फाइली या भोकातूनही वाचता आल्या नाहीत. याउलट तो नियम नसून सीजीआय (मागणी आल्यावर सर्व्हरवरचे प्रोग्रॅम चालवण्याची सोय) चालू असेल तर हल्लेखोराला थेट आज्ञा चालवता येत होत्या. पॅच पाहिजेच, पण सेटिंग ढिसाळ ठेवून नुसत्या पॅचच्या भरवशावर राहणं आम्हाला पटत नाही.

(अपाचीचा जन्मच ठिगळांमधून झालाय. १९९५ साली एनसीएसए या अमेरिकी संशोधन केंद्राचा जुना वेब सर्व्हर वापरणाऱ्या काही मंडळींनी आपापले पॅच एकत्र केले, त्यातून हा सर्व्हर उभा राहिला.)

इतकी घाई का

पॅच जाहीर होतो तेव्हा तो चांगल्या माणसांइतकाच वाईट माणसांनाही मिळतो. जुना आणि नवा कोड शेजारी ठेवून फरक पाहिला, की भोक नेमकं कुठे होतं ते कळतं. तिथून पुढे शर्यतच. २००१ साली मायक्रोसॉफ्टने आपल्या आयआयएस या वेब सर्व्हरचा एक पॅच १८ जूनला दिला. १९ जुलैला ‘कोड रेड’ या आपोआप पसरणाऱ्या वर्मने त्याच भोकातून चौदा तासांच्या आत साडेतीन लाखांहून जास्त मशिन धरली. पॅच महिनाभर उपलब्ध होता! २०१७ मध्ये अपाची स्ट्रट्सचा (हा अपाची सर्व्हर नव्हे, वेबसाइटमागचे प्रोग्रॅम बनवायचा सांगाडा) पॅच मार्चच्या पहिल्या आठवड्यात आला. लोकांच्या कर्जफेडीची माहिती ठेवणाऱ्या अमेरिकेतल्या इक्विफॅक्स कंपनीत तो एका ठिकाणी राहून गेला, मे महिन्यात चोर तिथून शिरले आणि सुमारे १४ कोटी ७० लाख लोकांची माहिती गेली. इतक्या मोठ्या कंपनीत एक मशिन नजरेतून सुटलं, म्हणून सगळं बिघडलं. आम्ही तुमच्याकडे ‘कुठे काय चालू आहे’ याची यादी पुन्हापुन्हा मागतो ती याचसाठी.

फाइल बदलली, सर्व्हर तोच

साइट काही मिनिटं बंद का ठेवावी लागते, ते इथे कळेल.

सर्व्हर सुरू होतो तेव्हा लागणारा कोड डिस्कवरून मेमरीत घेतो आणि त्यावरच चालत राहतो. आम्ही पॅच बसवतो तेव्हा डिस्कवरची फाइल बदलते. चालू असलेला प्रोग्रॅम मात्र रीस्टार्ट (बंद करून पुन्हा सुरू) होईपर्यंत मेमरीतली जुनीच प्रत वापरतो, महिनोन्महिने. लिनक्सवर बघायला गेलं, तर प्रोग्रॅमने धरून ठेवलेल्या फाइलींच्या यादीत ‘पुसलेली’ अशी खूण दिसते. फाइल डिस्कवर नाही, पण मेमरीत जिवंत आहे, भोकासकट.

२०१४ च्या एप्रिलमध्ये ‘हार्टब्लीड’ हा दोष उघड झाला तेव्हा हेच पुष्कळांना नडलं. दोष वेब सर्व्हरमध्ये नव्हताच, सर्व्हर वापरत असलेल्या ओपनएसएसएल या लायब्ररीत (अनेक प्रोग्रॅम वापरतात अशा तयार कोडमध्ये) होता. एका मागणीसरशी सर्व्हरच्या मेमरीतले ६४ केबीपर्यंतचे तुकडे बाहेर पडत, आणि त्यात पासवर्डपासून साइटची ओळख पटवणाऱ्या सर्टिफिकेटच्या खासगी किल्लीपर्यंत काहीही असू शकत होतं. लायब्ररी बदलून भागत नव्हतं. ती वापरणारा प्रत्येक प्रोग्रॅम रीस्टार्ट करायचा होता, नवी किल्ली बनवून सर्टिफिकेट नव्याने घ्यायचं होतं, जुनं रद्द करायचं होतं. कुलूप दुरुस्त केलं, पण किल्लीची नक्कल आधीच बाहेर गेली असेल तर काय उपयोग?

‘रीस्टार्ट नको, रीलोड करा, साइट बंद पडत नाही’ असं तुमच्याकडचे डेव्हलपर सुचवतात. रीलोड म्हणजे चालू सर्व्हरला सेटिंग पुन्हा वाचायला लावणं. सेटिंग बदलली असेल तर ते बरोबरच आहे. पण एन्जिनएक्स या दुसऱ्या वेब सर्व्हरला रीलोड केलं की मुख्य प्रोसेस (मेमरीत चालू असलेला प्रोग्रॅम) तीच राहते आणि हाताखालच्या नव्या प्रोसेस तिच्यापासूनच निघतात. लायब्ररी जुनीच राहते. पॅचसाठी रीलोड पुरत नाही.

काही वर्षांपूर्वी आम्हीच यात चुकलो आहोत. नोंदीत पॅचपुढे बरोबरची खूण होती, पॅकेजचा क्रमांक नवा होता. रीस्टार्ट मात्र झाला नव्हता, कारण त्या रात्री ग्राहकाचं काम चालू होतं आणि ‘उद्या करू’ म्हणून जे राहिलं ते सात आठवडे राहिलं. काही बिघडलं नाही, ते नशीब. तेव्हापासून आमच्याकडे ‘बसवला’ आणि ‘लागू झाला’ असे दोन वेगळे रकाने आहेत. दुसरा रकाना चालू प्रोसेस तपासल्याशिवाय भरायचा नाही.

रिपोर्टमधल्या लाल ओळी

कुठलं तरी स्कॅनिंग टूल चालवून कोणीतरी तुम्हाला रिपोर्ट देतं: ‘तुमचा अपाची जुना आहे, त्यात चाळीस भोकं आहेत.’ घाबरण्याआधी हे वाचा. डेबियन, रेड हॅट अशी लिनक्सची वितरणं सहसा मूळ आवृत्ती बदलत नाहीत. नव्या आवृत्तीतली तेवढी दुरुस्ती उचलून जुन्या कोडवर बसवतात, आणि फक्त पॅकेजच्या क्रमांकाची शेपटी वाढवतात. बाहेरून पाहणाऱ्या टूलला ती शेपटी बऱ्याचदा दिसत नाही. पुढचा आकडा जुना दिसला की ते लाल रंग फासून मोकळं होतं. अशा वेळी आम्ही प्रत्येक सीव्हीई क्रमांक वितरणाच्या सुरक्षा-सूचनांशी ताडून बघतो. बऱ्याच ओळी गळून पडतात. ज्या उरतात, त्या खऱ्या.

काही जण यावर उपाय म्हणून सर्व्हरचा आवृत्ती क्रमांकच लपवायला सांगतात. लपवू, हरकत नाही. पण आपोआप फिरणारे हल्ले क्रमांक विचारत बसत नाहीत, थेट दार ढकलून बघतात.

तुमच्याकडून काय हवं

सर्व्हरवर कोणी स्वतः कोड कंपाइल करून काही बसवलं असेल तर आवर्जून सांगा. नेहमीच्या अपडेटला त्याचा पत्ताच नसतो, ते तसंच कुजत पडतं. ऑपरेटिंग सिस्टिमची मुदत संपली असेल (सेंटओएस ७ ची ३० जून २०२४ ला संपली) तर पॅच लावा म्हणून आमच्या मागे लागू नका, कारण तो कोणी बनवतच नाही. तिथे स्थलांतर हाच मार्ग, आणि त्याला वेळ लागतो.

नेहमीच्या पॅचची सूचना आम्ही आधी देतो आणि तुमची गर्दीची वेळ टाळतो. आधी बॅकअप, मग जमेल तिथे साइटच्या प्रतीवर चाचणी, आणि त्यानंतरच खऱ्या साइटला हात. भोकाचा गैरवापर सुरू झाल्याचं कळलं तर मात्र गर्दीची वेळ बघत नाही. फोन करतो आणि कामाला लागतो. पॅच अजून आलाच नसेल, तर तोवर संबंधित मॉड्यूल बंद ठेवणं किंवा मागण्यांवर मर्यादा घालणं असा तात्पुरता उपाय करतो. त्यासाठी रात्री उचलला जाईल असा एक फोन नंबर आमच्याकडे असू द्या.

काम झाल्याचा निरोप आला की मुखपृष्ठ उघडून ‘चालतंय’ असं कळवू नका. लॉगिन करा, एखादा फॉर्म भरून पाठवा, फाइल अपलोड करून बघा. आणि स्कॅनचा रिपोर्ट पाठवायचा असेल तर पूर्ण पाठवा, नुसत्या लाल ओळींचा फोटो नको.