'शाया' वाचलं, तर चूक की बरोबर?

यवतमाळ जिल्ह्यातली, दारव्ह्याकडची एक जिल्हा परिषदेची शाळा. दोन शिक्षकी, चौथीपर्यंत. तिसरीचा पट सहा, पण दिवाळीच्या तोंडावर कापूस वेचायला सुरुवात झालेली, म्हणून हजर पाच. मॅडम ओट्यावर एकेका लेकराकडून परिच्छेद वाचून घेत होत्या आणि मी शेजारी बसून बघत होतो. कागदावर छापलं होतं, 'आमची शाळा नदीकाठी आहे.' एका मुलीनं बोटसुद्धा न फिरवता सरळ वाचलं, "आमची शाया नदीकाठी हाये."

तिच्यानंतरच्या मुलानं वाचलं, "आ-म-ची... शा-ळा... न-दी..." अक्षर न अक्षर छापल्याबरहुकूम. मॅडमनी विचारलं, "कुठी हाये रे शाया?" तो कागदाकडेच पाहत राहिला.

कोरडेपणानं मोजलं तर मुलीच्या दोन चुका, मुलाची एकही नाही. वाचता मात्र मुलीलाच येतं.

ग्रामीण भारतातल्या मुलांच्या वाचन-गणिताची सर्वांत जास्त चर्चा होते ती 'असर' सर्वेक्षणामुळे. 'प्रथम' ही संस्था २००५ पासून ते करते. मुलाला घरी गाठून, एकट्याला समोर बसवून, तोंडी चाचणी घेतात. अक्षर, शब्द, पहिलीच्या पातळीचा परिच्छेद, दुसरीच्या पातळीची गोष्ट अशा चार पायऱ्या. २०२४ च्या अहवालात देशभरातल्या तिसरीच्या मुलांपैकी २७.१ टक्के मुलांना दुसरीची गोष्ट वाचता आली. २०२२ मध्ये, कोरोनात शाळा बंद राहिल्यानंतर, हाच आकडा २०.५ होता.

वाचायला शिकताना डोक्यात काय चालतं? आपली तात्पुरती स्मृती फार लहान असते. चारपाच गोष्टी, तेही काही सेकंद. मूल एकेक अक्षर जुळवत सावकाश गेलं, तर वाक्याच्या शेवटाला पोचेपर्यंत सुरुवात गळून गेलेली असते. त्या मुलाचं तेच झालं. त्यात आपली लिपी. इंग्रजीची अक्षरं सव्वीस, आपल्याकडे एका 'क'चीच बाराखडी, वर जोडाक्षरं. शेकडो आकार डोळ्यांत बसावे लागतात. कन्नडची लिपी अशाच घडणीची, आणि तिथल्या अभ्यासांत मुलं चौथीपाचवीपर्यंत अक्षरं पक्की करतच असतात असं दिसलं. तिसरीत अडखळणारं मूल 'ढ' असतं असं नाही. ते वाटेत असतं.

मुलीचं वेगळं. वऱ्हाडीत 'ळ'चा 'य' होतो. डोळा तो डोया, फळा तो फया. अक्षरं नुसती जुळवली असती तर तिच्या तोंडून 'आहे' आलं असतं. 'हाये' आलं, म्हणजे वाक्य आत जाऊन, कळून, घरच्या बोलीत बाहेर पडलं. अमेरिकेतले केनेथ गुडमन यांनी १९६० च्या दशकात वाचनातल्या अशा 'चुकां'चाच अभ्यास केला. अर्थ शाबूत ठेवणारी चूक आणि अर्थ मोडणारी चूक एका मापानं मोजू नये, हे त्यांचं म्हणणं. (मुलं अंदाजानं वाचतात हे त्यांचं दुसरं म्हणणं पुढच्या संशोधनात फारसं टिकलं नाही, तेही सांगायला हवं.)

मग मुलीनं अंदाजच बांधला नसेल कशावरून? मॅडमनी दोन चिठ्ठ्या केल्या, एकीवर 'माळ', दुसरीवर 'माय'. मुलीच्या तोंडी दोन्ही 'माय'च. "गयात घालतेत ते कोन्ती व?" मुलीनं 'माळ'वर बोट ठेवलं. डोळ्याला 'ळ' ओळखू येतो, जीभ तेवढी गावची आहे. मला विचाराल तर त्या दिवशीची सगळ्यात चोख चाचणी हीच. आणि हे झालं वऱ्हाडीचं, जी शेवटी मराठीच. मेळघाटातली कोरकू किंवा यवतमाळातली कोलामी, या आदिवासी भाषांचं कूळच निराळं. त्या घरांतल्या मुलांना लिपी आणि भाषा एकदमच शिकावी लागते.

गणितातही तोंड आणि कागद यांची अशीच ओढाताण असते. 'सत्तावीस' म्हणताना सात आधी येतो, लिहिताना दोन आधी. म्हणून २७ ला ७२ लिहिणारी मुलं सापडतात. जर्मन भाषेतही संख्या अशाच उलट बोलतात आणि तिथली मुलं हीच चूक करतात. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'वीस सात' असं वाचायचा पर्याय आला, तेव्हा केवढा गदारोळ झाला. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर यांना टीकेला उत्तरं देत बसावं लागलं. 'एकोणपन्नास'ची गंमत तर आणखी पुढची, त्यात ऐकू येतो पन्नास आणि लिहायचे चार आणि नऊ.

आता शाळाशाळांची तुलना ज्यांवर होते त्या टक्क्यांकडे येऊ. शंभर शाळा घ्या, प्रत्येकीत तिसरीची सहा मुलं. शिकवणं सगळीकडे सारखं, आणि प्रत्येक मुलाला परिच्छेद वाचता येण्याची शक्यता निम्मी. सहा नाणी उडवल्यासारखंच हे. चौसष्ट शक्यतांपैकी सातांत पाच किंवा सहा मुलं पास होतात, सातांत एक किंवा शून्य. म्हणजे निव्वळ नशिबानं अकराएक शाळा ८३ टक्क्यांच्या वर जातील, अकराएक १७ टक्क्यांच्या खाली. पहिल्या अकरांना शिक्षण परिषदेत टाळ्या, दुसऱ्या अकरांना कारणे दाखवा. हाच पट साठचा असेल तर इतक्या टोकाला लाखात एक शाळाही जाणार नाही. अमेरिकेत संख्याशास्त्रज्ञ हॉवर्ड वेनर यांनी पेनसिल्व्हेनियातले पाचवीचे गुण तपासले, तेव्हा यादीच्या वरच्या टोकाला लहान शाळा प्रमाणाबाहेर होत्या. खालच्या टोकालाही होत्या, त्याकडे कोणी बघितलं नव्हतं इतकंच.

आमच्या पाचांपैकी तिघांना परिच्छेद आला. मुलगी धरून तीन. तक्त्यात साठ टक्के.

सहावा दुपारी उगवला, आईसोबत वावरातून, नखांच्या कडा बोंडांनी ओरखडलेल्या. गेलं अख्खं वर्ष तो मायबापासोबत पुण्याकडे बांधकामावर होता. मॅडमनी तोच कागद पुढे केला. "आमची शाळा," त्यानं वाचलं, 'ळ' अगदी स्वच्छ, पुणेरी. मग 'नदीकाठी'पाशी थांबला तो थांबलाच. साठाचे पन्नास झाले. मुलीचा 'य' चूक धरला असता, तर तेहतीस.