विमानांची देखभाल व इंधनभरणी : स्थिर विद्युत आणि अर्थिंग

विमानाचा सांगाडा, इंधन, साधने आणि माणसाचे अंग यांवर साठणाऱ्या स्थिर विद्युतभारामुळे ठिणगी पडू नये, यासाठी दोन वेगळ्या खबरदाऱ्या घेतल्या जातात. विमान व इंधनाची गाडी तारेने एकमेकांशी जोडून दोहोंचे विभव (विद्युत पातळी) समान करणे म्हणजे बाँडिंग. विमान जमिनीशी जोडणे म्हणजे अर्थिंग. या दोहोंत नेहमी गल्लत होते. इंधन भरताना बाँडिंग अधिक मोलाचे, कारण ठिणगी पडते ती नोझल (इंधनाच्या नळीचे टोक) आणि टाकीचे तोंड यांच्या विभवांत फरक असेल तेव्हा, आणि हा फरक दोघांमधली थेट तारच सर्वांत खात्रीने मिटवते.

भार मुख्यतः वाहत्या इंधनातच निर्माण होतो. जेट इंधन विजेचे अत्यंत मंद वाहक असल्याने नळीतून, आणि त्याहून कितीतरी अधिक प्रमाणात फिल्टरच्या सूक्ष्म छिद्रांतून जाताना, त्यात भार विलग होतो आणि इंधनाबरोबर टाकीत पोचतो. टाकीतील इंधनाच्या पृष्ठभागावर साठलेला हा भार बाहेरून लावलेली कोणतीही तार तत्काळ काढून घेऊ शकत नाही. त्यावर उपाय इंधनातच करावा लागतो : जेट ए-१ मध्ये वाहकता वाढवणारे द्रव्य अत्यल्प प्रमाणात मिसळून ती दर मीटरला ५० ते ६०० पिकोसिमेन्स राखतात, आणि भरण्याचा वेगही मर्यादित ठेवतात.

नागपुरात या विषयाला हवामानाची जोड मिळते. जेट ए-१ चा फ्लॅश पॉइंट, म्हणजे ज्या किमान तापमानाला इंधनावर पेट घेण्याजोगी वाफ जमते तो बिंदू, किमान ३८ अंश सेल्सिअस असतो. ‘हे तर रॉकेलच, सहज पेटत नाही’ हा भरवसा थंड प्रदेशात बराचसा खरा ठरतो; पण मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो तेव्हा सोनेगाव विमानतळाच्या तापलेल्या एप्रनवर (विमाने उभी राहतात त्या फरसबंद जागेवर) तो धरता येत नाही. त्यातच उन्हाळ्यातील कोरड्या हवेत कपड्यांवरचा आणि अंगावरचा भार लवकर विरत नाही. हायड्रोकार्बनच्या वाफेला पेटायला सुमारे ०.२५ मिलिज्यूल ऊर्जा पुरते. माणसाच्या अंगावर १० हजार व्होल्टचा भार असेल, तर त्यात सुमारे ५ मिलिज्यूल ऊर्जा साठलेली असते. १९४९ मध्ये सुरू झालेल्या रात्रीच्या टपालसेवेची विमाने मुंबई, दिल्ली, कलकत्ता व मद्रासहून येऊन नागपुरात टपालाची अदलाबदल करत. ती विमाने पेट्रोलवर उडत, आणि पेट्रोलचा फ्लॅश पॉइंट शून्याच्या बराच खाली असल्याने त्यांच्या इंधनभरणीत हा धोका बारमाही होता.

क्रम पाळणे ही या कामातील सर्वांत कडक शिस्त आहे. आधी गाडी आणि विमान तारेने जोडायचे, मगच नळी लावायची. काम संपल्यावर आधी नळी काढायची आणि तार सर्वांत शेवटी. पंखावरून भरायचे असल्यास टाकीचे झाकण उघडण्यापूर्वी नोझलची स्वतंत्र तार विमानाला जोडावी लागते, आणि झाकण परत बसेपर्यंत ती काढायची नसते. क्लिप रंगावर किंवा गंजावर लावली, तर ती दिसायला जोडलेली आणि प्रत्यक्षात तुटलेलीच असते. तिचे दात उघड्या धातूत, नेमून दिलेल्या जागीच बसले पाहिजेत, आणि प्लास्टिकच्या वेष्टणाआत तारेचे धागे तुटलेले नाहीत ना, हे मीटरनेच तपासावे लागते. परिसरात विजा चमकत असतील, तर इंधनभरणी थांबवतात.

नागपूर विमानतळालगतच्या मिहान प्रकल्पातील देखभाल केंद्रांसारख्या हँगरांत अर्थिंगचे महत्त्व वाढते, कारण तेथे विमान बाहेरून वीजपुरवठा देणाऱ्या यंत्रांना तासन्‌तास जोडलेले असते आणि त्यांच्यातील बिघाडाचा प्रवाह जमिनीत सुरक्षित उतरावा लागतो. इलेक्ट्रॉनिक पेट्या हाताळणारे तंत्रज्ञ मनगटाला अर्थिंगचा पट्टा बांधतात. त्यातील १ मेगाओहमचा रोध भार हळूहळू उतरू देतो आणि चुकून चालू तारेला हात लागलाच तर जीवही वाचवतो. विदर्भाची काळी माती पावसाळ्यात ओल धरते आणि उन्हाळ्यात भेगाळते, त्यामुळे अर्थिंगच्या खड्ड्याचा रोध ऋतूनुसार बदलतो. ऑगस्टमधल्या मोजणीवर विसंबणे म्हणून धोक्याचे आहे. मे महिन्यातले, जमीन सर्वांत कोरडी असतानाचे मोजमापच विश्वासार्ह मानावे.