पॅकेज-माहितीचे पार्सिंग

सॉफ्टवेअरचे पॅकेज न उघडता त्याचे नाव, आवृत्ती आणि त्याला लागणारी इतर पॅकेजे ही माहिती प्रोग्रामने वाचून वापरण्याजोगी करणे, याला पॅकेज-माहितीचे पार्सिंग म्हणतात. खानदेशातल्या जिनिंग-प्रेसिंगमध्ये कापसाची साधारण १७० किलोची गाठ बांधली, की तिच्यावर क्रमांक आणि वजन येते. गोदामात हिशेब लिहिणारा गाठ फोडत नाही, वरचे वाचतो. पॅकेजचेही तसेच आहे. मात्र इथे वाचणारे यंत्र असते आणि त्याला अंदाजाने भागवता येत नाही.

सर्वांत शिकण्याजोगे उदाहरण डेबियन या लिनक्सवर आधारलेल्या मुक्त ऑपरेटिंग सिस्टिमचे. इयन मर्डॉक यांनी १९९३ मध्ये सुरू केलेल्या या प्रकल्पात प्रत्येक पॅकेजची माहिती ‘कंट्रोल’ फाइलमध्ये असते. तिची मांडणी ईमेलच्या मथळ्यांसाठी १९८२ मध्ये ठरलेल्या आरएफसी ८२२ या नियमावलीवरून घेतली आहे: आधी रकान्याचे नाव, मग अपूर्णविराम, मग मजकूर. देवनागरीच्या लोहित फाँटचे पॅकेज घ्या. त्याच्या नोंदीत ‘पॅकेज’पुढे नाव, ‘सेक्शन’पुढे ‘फाँट्स’, ‘आर्किटेक्चर’पुढे (कोणत्या प्रकारच्या प्रोसेसरसाठी) ‘ऑल’, म्हणजे सगळ्यांसाठी, असे येते. एक नोंद संपली की कोरी ओळ.

दिसायला हे इतके सोपे, की नवखा विद्यार्थी प्रत्येक ओळ अपूर्णविरामापाशी तोडून मोकळा होतो. तिथेच फसगत होते. जागा सोडून सुरू झालेली ओळ नवा रकाना नसते, आधीच्याच रकान्याचा पुढचा भाग असते. वर्णनात कोरी ओळ हवी असेल तर एक जागा सोडून नुसता टिंब देतात, कारण खरी कोरी ओळ नोंदच संपवते. ‘डिपेंड्स’ म्हणजे लागणाऱ्या इतर पॅकेजांच्या रकान्यात स्वल्पविराम म्हणजे ‘आणि’, उभी रेघ म्हणजे ‘किंवा’. आवृत्ती साध्या अक्षरक्रमाने लावली तर १.१० ही १.९ च्या आधी येते, खरे तर ती नंतरची. ‘२.०~आरसी१’ ही प्रकाशनापूर्वीची चाचणी-आवृत्ती मात्र २.० च्या आधीच यायला हवी, कारण डेबियनच्या नियमात ~ हे चिन्ह सगळ्यांत खाली धरतात.

म्हणून हे काम हाताने करू नये, तयार लायब्ररीला (दुसऱ्यांनी लिहून ठेवलेल्या कोडच्या संचाला) द्यावे, असे या लेखकाचे ठाम मत आहे. पायथन या प्रोग्रामिंग भाषेत त्यासाठी पायथन-डेबियन ही लायब्ररी आहे. तिच्या ‘डेब८२२’ मॉड्यूलला फाइल दिली की ते एकेक नोंद शब्दकोशाच्या रूपात, म्हणजे रकान्याच्या नावावरून मजकूर काढता येईल अशी, हाती देते. रकान्याचे नाव लहान इंग्रजी अक्षरांत लिहा की मोठ्या, फरक पडत नाही. ‘रिलेशन्स’ मागितले की ‘आणि’-‘किंवा’ची फोड करून मिळते. नोंदी यूटीएफ-८ या सगळ्या लिप्या सामावणाऱ्या एन्कोडिंगमध्ये (अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत) असतात, तेव्हा त्यात अहिराणीत लिहिलेले वर्णनही सुखरूप राहते. फाइल दुसऱ्याच एन्कोडिंगने उघडली तर अक्षरांचा चुरा होतो.

याचा खरा उपयोग कळतो तो धडगाव-अक्कलकुव्याकडे, सातपुड्यातल्या एखाद्या शाळेत नेटविना संगणक उभे करायचे असतात तेव्हा. जळगावात किंवा धुळ्यात बसून ‘पॅकेजेस’ ही डेबियनच्या उपलब्ध पॅकेजांच्या नोंदींची सूची उतरवायची. हव्या पॅकेजपासून सुरुवात करून ‘डिपेंड्स’ वाचायचे, मग त्यांचे ‘डिपेंड्स’, नवे नाव निघेनासे होईपर्यंत. पाहून झालेली नावे वेगळी टिपून ठेवावी लागतात, कारण दोन पॅकेजे एकमेकांवर अवलंबून असू शकतात आणि मग प्रोग्राम घाण्याच्या बैलासारखा फिरत राहतो. ‘प्री-डिपेंड्स’ (आधीच बसलेली हवीत अशी पॅकेजे) हा रकाना घाईत हमखास सुटतो. एखादे नाव सूचीत सापडलेच नाही तर इतर पॅकेजांचे ‘प्रोव्हाइड्स’ बघावे. त्या नावाचे काम दुसरे पॅकेज करत असते.

शाळेतल्या संगणकावर आधीच काय आहे ते डीपीकेजी या पॅकेज बसवणाऱ्या डेबियनच्या साधनाच्या ‘स्टेटस’ फाइलमध्ये असते. तिची मांडणी हीच, त्यामुळे तोच प्रोग्राम तीही वाचतो. मग जे कमी आहे तेवढेच पेनड्राइव्हवर भरायचे. निघण्यापूर्वी ‘आर्किटेक्चर’ तपासावे: जुन्या ३२-बिट संगणकांसाठी सूचीच वेगळी असते, आणि ६४-बिटची पॅकेजे घेऊन घाट चढलेला माणूस तिथे काहीच बसवू शकत नाही. लोहितसारखी ‘ऑल’ लिहिलेली पॅकेजे तेवढी दोन्हीकडे चालतात.